एलडीआरबीने वाचलेले उणे ५ हे २५१ कसे होते?

प्रश्न
शीतपेटीतील तापमानाची नोंद ठेवणारे एक छोटे उपकरण मी आर्मच्या कॉर्टेक्स-एम० या छोट्या प्रोसेसरवर तयार करत आहे. सेन्सरकडून आलेला बाइट स्ट्रक्चरमधील कॅर (सी भाषेतील एका बाइटचा char) प्रकारच्या सदस्यात साठवला जातो. तापमान उणे ५ असताना पडद्यावर २५१ दिसते आणि शून्याखाली वाजायला हवा तो भोंगा वाजतच नाही. हाच सी प्रोग्रॅम इंटेलच्या लॅपटॉपवर बरोबर चालतो. असेंब्ली लिस्टिंगमध्ये, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या प्रोसेसर-सूचनांच्या यादीत, एलडीआरबी (LDRB, मेमरीतून एक बाइट वाचणारी सूचना) दिसते, परंतु शून्याशी केलेली तुलना कुठेच सापडत नाही. हा कंपायलरचा दोष समजावा का?

उत्तर १
कंपायलरचा दोष नाही. एलडीआरबी ही सूचना ११११ १०११ हे आठ बिट प्रोसेसरच्या आतील ३२ बिटांच्या साठवण-जागेच्या, म्हणजे रजिस्टरच्या, तळाशी ठेवून वरचे २४ बिट शून्यांनी भरते, त्यामुळे २५१ मिळतात. एलडीआरएसबी (LDRSB) ही तिची चिन्हासहित जोडीदार मात्र बाइटमधला सर्वांत वरचा चिन्हबिट उरलेल्या २४ जागांवर पसरवते, म्हणून उणे ५ हे उणे ५ च राहतात. आर्मवर साधा कॅर सहसा चिन्हरहित धरतात, इंटेलवर चिन्हासहित. चिन्हरहित संख्या शून्याहून लहान असूच शकत नाही, हे ओळखून कंपायलरने तुलना गाळली आणि तिच्याबरोबर आपला भोंगाही गेला. साध्या कॅरऐवजी इंट८_टी (int8_t) हा नेहमी चिन्हासहित असणारा आठ बिटांचा प्रकार वापरावा.

उत्तर २
यामागे थोडा इतिहासही आहे. सुरुवातीच्या आर्ममध्ये एलडीआरएसबी नव्हतीच, ती चौथ्या आवृत्तीत आली. तोवर चिन्हासहित बाइट हवा असल्यास एलडीआरबीने वाचून तो २४ घरे डावीकडे आणि मग चिन्ह राखून तितकाच उजवीकडे सरकवावा लागे. चिन्हरहित कॅर तेव्हा स्वस्त पडत असे.

प्रश्नकर्ता
प्रकार बदलताच भोंगा वाजू लागला, आभारी आहे. तरीही लिस्टिंगमध्ये एलडीआरएसबी नाही. एलडीआरबी आणि तिच्यापाठोपाठ एसएक्सटीबी (SXTB, रजिस्टरमधल्या बाइटचा चिन्हबिट वर पसरवणारी सूचना) आहे. असे का?

उत्तर १
आपला सदस्य स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून काही बाइट अंतरावर असणार. एम० वरील १६ बिटांच्या एलडीआरबीमध्ये ० ते ३१ पर्यंतचे अंतर थेट लिहिता येते, तर एलडीआरएसबीला ते अंतर दुसऱ्या रजिस्टरमध्येच लागते. ते रजिस्टर आधी भरायचे म्हटले तरी एक सूचना वाढणारच. दोन्ही मार्गांनी तीनच क्लॉक सायकल लागतात, आणि एसएक्सटीबीच्या मार्गाने एक रजिस्टर मोकळे राहते. एम० वर बहुतेक सूचनांना आठच रजिस्टर वापरता येत असल्याने ही बचत लहान नाही.