गाडीच्या टेपला म्युझिक प्लेयर जोडण्याचे अनुभव

रानवारा
जुनी गाडी विकायला काढली आहे. डॅशबोर्डचा खण रिकामा करताना वायर लावलेली कॅसेट हाती आली आणि तो सगळा खटाटोप आठवला. खिशात मावणारा म्युझिक प्लेयर आयपॉड २००१ मध्ये आला, तरी आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत त्यानंतरही बरीच वर्षे कॅसेटचाच टेप होता. अशा वेळी वायरीने प्लेयरला जोडायची ही कॅसेट फार उपयोगी पडली. तिच्यात फीत नसते. कडेला एक चिमुकले चुंबकीय हेड असते, ते टेपच्या हेडसमोर येते आणि फितीमुळे जसे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले असते तसेच ते बदलत ठेवते, त्यामुळे टेपला खरी कॅसेटच वाजते आहे असे वाटते. आपणही आपले अनुभव अवश्य लिहावेत.

पन्हाळकर
आमच्या टेपला ऑटो-रिव्हर्स होते. कॅसेटमधली दातेरी चाके अडकली की फीत संपली असे समजून टेप सारखी बाजू पलटत असे आणि खट्-खट् आवाजात गाणे तुटत जाई. शेवटी बाबांनी त्या चाकांना शिवणयंत्राचे तेल दिले आणि पुढे ती कॅसेट उत्तम चालली. वायर मात्र टेपच्या झडपेपाशी घासून आतून तुटली, तेव्हापासून एकाच बाजूच्या स्पीकरमधून आवाज येऊ लागला.

घाटवळण
मी एफएम ट्रान्समीटर वापरला. तो लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या रिकाम्या जागेवर आपले गाणे गाडीपुरते प्रसारित करतो. मुंबई-पुणे प्रवासात ही रिकामी जागा शोधणे हेच मोठे काम असे. ९१.१, ९३.५ आणि ९८.३ तर दोन्ही शहरांत व्यापलेले, आणि मुंबईत मोकळी सापडलेली जागा पुण्याजवळ येता येता खरखरू लागे. बोगद्यात शिरल्यावर बाहेरची केंद्रे क्षीण होत आणि आपले गाणे एकदम स्वच्छ ऐकू येई, तेवढा वेळ फार सुखाचा वाटे.

जर्सीकर
अगदी हेच! न्यू जर्सीत एका बाजूला न्यूयॉर्कची आणि दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाची केंद्रे असल्यामुळे इथे तर लांबच्या प्रवासात शेजारी बसलेल्याला सतत फ्रीक्वेन्सी बदलत राहावे लागे.

केतकी
मला शास्त्रीय संगीत ऐकायचे असल्यामुळे खरखर अजिबात सहन होत नाही. विलंबित आलापीत, नुसता तानपुरा वाजत असताना, ती फारच जाणवते. म्हणून मी ऑक्स (बाहेरचा प्लेयर वायरीने जोडायची जागा) असलेला स्टिरिओ बसवून घेतला. तरीही एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा स्वर चढत जाई. प्लेयर चार्जरवरून काढला की ती थांबत असे, यावरून कारण उमगले: चार्जरमधून आणि ऑक्सच्या वायरीतून असे अर्थिंगचे दोन मार्ग तयार होतात आणि त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, गोंगाट आत येतो. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर जोडल्यावर ती शीळ पूर्ण बंद झाली. त्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांतून आवाजाचा संकेत पुढे जातो पण तारेचा थेट संबंध राहत नाही.

आणखी एक आग्रहाचे सांगणे आहे. हेडफोनच्या जॅकमधून जोडत असाल तर प्लेयरचा आवाज बराच वर ठेवावा, मात्र फाटू देऊ नये, आणि उरलेला कमी-जास्त गाडीच्या स्टिरिओवर करावा. प्लेयर हळू ठेवून स्टिरिओ मोठा केला की त्यासोबत सगळी खरखरही मोठी होते.

पन्हाळकर
केतकीताई, मनापासून आभार. त्या शिळेपायी आमच्या मेकॅनिकने स्पीकर बदलायला सांगितले होते.

ओवी
आता आम्ही पेन ड्राइव्हच लावतो. आईसाठी अभंगांची नावे देवनागरीत लिहून ठेवली, तर स्टिरिओच्या पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे उमटली. मग सगळी नावे रोमन लिपीत करावी लागली. एक विचारायचे आहे: गाडीत ऑक्स आहे, पण नव्या फोनला जॅक नाही. काय करावे?

रानवारा
ओवीताई, दोन मार्ग आहेत. ऑक्समध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, किंवा फोनच्या चार्जिंगच्या जागी लावायचा हेडफोन ॲडॅप्टर घ्यावा. रोज गाडीत चढ-उतार असेल तर ब्लूटूथ सोयीचे. लांबच्या प्रवासाला मी वायरच पसंत करीन.