प्रोग्रामिंगमध्ये मुली इतक्या कमी का?

रातराणी: अख्ख्या टीममध्ये कोड लिहिणारी मी एकटीच. टेस्टिंगला, एचआरला बायका दिसतात, इथे नाही. लोक सरळ म्हणतात मुलींना यात इंटरेस्टच नसतो. मला पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. नक्की कारण काय?

जुना_कोडर: इंटरेस्ट नसता तर सुरुवातच वेगळी झाली असती ना. १९४६ ला जगापुढे आलेल्या एनिॲक या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं, तेही हातात मॅन्युअल नसताना, मशीनचे नकाशे वाचून. तेव्हा मशीन बनवणं हे मोठं काम आणि प्रोग्रामिंग म्हणजे कारकुनी असं धरायचे, म्हणून ते बायकांकडे आलं, मग पैसा आणि मान आला तसं चित्र पालटलं. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत मुली ३७ टक्क्यांच्या आसपास होत्या, पुढे घसरत १८ वर आल्या. एवढ्यात मेंदू बदलतो का कुणाचा? त्याच काळात घरगुती कॉम्प्युटर आले, जाहिरातीत मुलगा, घरीही तो मुलाच्याच टेबलावर, मग कॉलेजात मुलं आधीच शिकून आलेली आणि पहिल्यांदा कोड लिहिणारी मुलगी तिसऱ्याच आठवड्यात ठरवते की हे आपल्याला जमणारं नाही.

मीनल_टी: +१. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ ला कॉम्प्युटर सायन्सला मुली ७ टक्के होत्या, २०००ला ४२. प्रवेश देताना आधीच्या कोडिंगचं वजन कमी केलं आणि नवख्यांसाठी सुरुवातीचे वेगळे कोर्स ठेवले, एवढ्याने फरक पडला.

अनुजा: प्रवेशाचं ठीक आहे हो, पण टिकायचं कसं ते बोला. मूल झालं की ब्रेक, परत आलं की फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर कोड उभा करतो तो तयार साचा, बदललेलं आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न गॅपचा. त्याहून चीड येते ती "तू छान बोलतेस, क्लायंट कॉल तूच घे, मीटिंगचे मिनिट्स पण तूच लिही" याची. वर्षभर हेच केल्यावर अप्रेझलला विचारणार, टेक्निकल काय केलंस? मग लीड म्हणून नाव दुसऱ्याचं येतं, आणि बाई प्रोजेक्ट को-ऑर्डिनेशनला जाते, तिथून कोडकडे परत येणं फार अवघड.

रातराणी: अनुजाताई, मिनिट्सचं अगदी खरंय, टीममध्ये आल्यापासून मीच लिहितेय. सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगते की हे सगळ्यांनी आळीपाळीने करायचं, आणि पेमेंटचं मॉड्यूल मला हवंय.