ल्युटीनच्या गोळ्या सगळ्यांनी घ्याव्यात का?

नौपाडाकर
दसऱ्याला जांभळी नाक्यावरून आपण झेंडू आणतो ना, त्याच पाकळ्यांतून ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य काढून गोळ्यांत भरतात. आमच्या सोसायटीतल्या नेत्रशिबिरात चष्मा लागलेल्या प्रत्येकाला, अगदी दहावीतल्या पोरालाही, तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. निरोगी डोळ्यांना त्यांची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. शरीर ल्युटीन स्वतः बनवत नाही हे खरं, पण पालक, माठ, शेवग्याचा पाला आहे की. 100 ग्रॅम पालकात गोळीइतकं, 10 मिलिग्रॅमच्या आसपास ल्युटीन असतं. वर तेलाची फोडणी असली की अंगीही लागतं. चष्म्याचा नंबर मात्र यातल्या कशानेच उतरत नाही.

घोडबंदरची लेक
दादा, पालकावर सगळं भागत नाही. आईला (वय 71) मॅक्युलाची (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची) झीज आहे, कोरड्या प्रकारची, मधल्या टप्प्यातली. मोतीबिंदू असेल म्हणून आम्ही वर्ष घालवलं, त्याची रुखरुख अजून आहे. तिच्या गोळीत ल्युटीन 10 आणि झियाझॅन्थिन (ल्युटीनसारखंच रंगद्रव्य) 2 मिलिग्रॅम, शिवाय क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं. अमेरिकेत या सूत्राची पहिली मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2001 मध्ये आले: अशा रुग्णांत आजार शेवटच्या टप्प्यावर जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी घटला. त्यात जस्त होतं 80 मिलिग्रॅम. एवढं कुठल्या भाजीतून आणू? गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. उरलेली तरी टिकू दे.

मेडिकलवाला, कळवा
ताईंच्या सूत्रात आधी ल्युटीन नव्हतं, बीटा-कॅरोटीन (गाजरातलं केशरी रंगद्रव्य) होतं. सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 2013 च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटीन-झियाझॅन्थिन आलं. डबी घेताना मागचं लेबल वाचाच, सिगारेट सोडलेली असली तरी.

वाशीचे आजोबा
मी रक्त पातळ राहायला वॉरफेरिन घेतो. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज पालक सुरू केला आणि आयएनआर घसरला, म्हणजे रक्त लवकर गोठू लागलं. त्यातलं के जीवनसत्त्व नडलं. आता पालेभाजी डॉक्टरांना विचारून, दर आठवड्याला सारख्याच प्रमाणात.

नौपाडाकर
ताई, आईंच्या बाबतीत माझा शब्द मागे घेतो. पण त्या चाचण्या पन्नाशीपुढच्या, धोका असलेल्या लोकांवर झाल्या. दहावीतल्या पोराला त्यांचा आधार कसा देणार?

घोडबंदरची लेक
नाहीच देता येणार. शिबिरात थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासला होता का?

नौपाडाकर
नाही. ज्येष्ठांचाही नाही. फक्त नंबर काढले.