ओल्या रेगडात रोबोट गेला की वायफाय तुटतं. अँटेना बदलावी का?

प्रश्न (परभणी): कपाशीच्या तासात (दोन ओळींमधल्या जागेत) फिरणारा चारचाकी रोबोट आहे. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) हाच ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय तोच देतो, कंट्रोल मोबाइलवरून. १२ व्होल्टच्या ४ गिअर मोटर, २ एल२९८एन (मोटर चालवणारे ड्रायव्हर बोर्ड), १८६५० चे (लिथियम-आयन) ३ सेल सिरीजमध्ये. ईएसपीला सप्लाय एल२९८एनच्या ५ व्होल्ट पिनवरून. ओट्यावर तासभर चालतो. ओल्या रानात मिनिटा-दोन मिनिटाला मोबाइल डिस्कनेक्ट होतो.

उत्तर (लातूर): दादा, अँटेनाला सध्या हात लावू नका. ओट्यावर टिकतं आणि चिखलात तुटतं, म्हणजे संशय आधी सप्लायवर घ्या. चाकाला रेगड चिकटली की मोटर अडते, आणि अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं बसतं, ईएसपी रीसेट होतो, त्याच्यासोबत वायफायही जातं. मोबाइलवर मात्र ‘डिस्कनेक्ट’ एवढंच दिसतं.

खात्री अशी करा: कोडमधल्या सेटअपच्या (बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागाच्या) पहिल्याच ओळीत एलईडी ५ वेळा लुकलुकवा. कनेक्शन तुटताना एलईडी लुकलुकला तर बोर्ड रीसेट झाला. नाही लुकलुकला तर दोष सिग्नलचा. रोबोट घरीच ठेवून एक चाक लाकडाने २ सेकंद अडवूनही हे दिसतं. जास्त वेळ धरू नका, ड्रायव्हर तापतो.

रीसेट निघाला तर ईएसपीला बॅटरीवरून थेट वेगळा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) द्या. बोर्डाजवळ ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर. ग्राउंड सगळ्यांचं एकच हवं, हे बऱ्याचदा राहून जातं.

प्रश्नकर्ता: प्रत्येक वेळी लुकलुकतो! बक लावल्यावर कपाशीच्या तासात तुटणं थांबलं. आता धुऱ्यावरून पार टोकाला गेल्यावरच तुटतं, तेव्हा एलईडी शांत.

उत्तर (जालना): हा मात्र सिग्नलच. पानांतलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं, म्हणून दाट कपाशीत रेंज घटते. बाहेरच्या अँटेनाचं ईएसपी३२ चं ३२यू मॉड्यूल घ्या आणि अँटेना काठीवर, झाडांच्या शेंड्यांच्या वर न्या. पत्र्याच्या चेसिसला चिकटवू नका.

आणि कोडमध्ये हे घातल्याशिवाय रानात सोडूच नका: ५०० मिलिसेकंद कमांड आली नाही की सगळ्या मोटर बंद. प्रत्येक एल२९८एनच्या दोन्ही इनेबल पिनांचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या पिनांचे) जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या टोप्या, काढून त्या ईएसपीवरून चालवा, आणि प्रत्येकीवरून ग्राउंडला १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. बोर्ड सुरू होताना त्याच्या पिन काही क्षण मोकळ्या असतात, त्यात चाकं फिरली तर तासातली झाडं मोडतात.