प्रतिसाद: पर्यावरण क्लबची निवडणूक जूनमध्ये नको

कॉलेजच्या पर्यावरण क्लबबद्दलच्या एका पोस्टमध्ये म्हटलंय की जूनमध्ये अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडले की क्लब मार्गी लागतो. पदं हवीतच, पण महिना चुकतोय. शेवटच्या वर्षाची मुलं एप्रिलमध्ये जातात, नवी समिती जूनच्या अखेरीस बसते आणि मधल्या मे महिन्यात पावसाळ्यात लावलेली रोपं वाळतात, खताचा खड्डा कोरडा पडून कुजणं थांबतं. म्हणून निवड जानेवारीत करा, मार्चपर्यंत जुनी-नवी समिती एकत्र काम करू दे. मे महिन्याच्या पाण्याची जबाबदारी आवारातल्या माळीकाकांशी बोलून नावानिशी लिहून ठेवा: कोणती रोपं, आठवड्यातून किती वेळा, किती बादल्या.

पदांपेक्षा कामांची वाटणी महत्त्वाची. खत, झाडं, रद्दी, हिशेब, प्रत्येकाला दोघं, एक वरच्या वर्गातला आणि एक खालच्या. खताच्या जोडीला एकच नियम पाठ हवा: एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या सुका पाला. कुबट वास आला की पाला कमी पडला, खड्डा वरखाली करून आणखी घालायचा. हे सांगणारं कुणी उरलं नाही की पहिल्याच तक्रारीत खड्डा बुजवला जातो! रद्दीचे पैसे विद्यार्थ्याच्या यूपीआयवर कधीच घेऊ नका. वजन आणि दर लिहिलेली चिठ्ठी वहीत चिकटवा, रक्कम कॉलेजच्या खात्यात भरा. शाळांतल्या पर्यावरण क्लबांना प्रभारी शिक्षक असतात, पण त्यांची बदली झाली की हीच वही कामी येते.