फुले वाडा: परळहून एका दिवसात होईल का?

परळकरीण
आमच्या वाचनालयाच्या २४ जणींना पुण्याचा फुले वाडा दाखवायचा आहे. पहाटे निघून रात्री घरी परत. त्याच फेरीत भिडे वाडा आणि सावित्रीबाईंचं नायगाव उरकेल का? आणि वाड्यात नेमकं काय बघायचं?

गंजपेठकर
ताई, नायगाव वगळा. ते खंडाळा तालुक्यात आहे, पण हा खंडाळा घाटातला नव्हे, साताऱ्याचा. शिरवळजवळ, पुण्याच्याही पुढे पन्नासएक किलोमीटर. त्यासाठी स्वतंत्र बस करून वेगळा दिवस काढा.

दादरहून पहाटेची इंद्रायणी धरा, नऊच्या सुमारास पुणे. संध्याकाळी साडेसहानंतर तीच परत निघते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे चार तिकिटं काढावी लागतील. चौघींनी एकाच वेळी काढायला बसा, नाहीतर डबे विखुरतात.

स्टेशनवरून आठ रिक्षा लागतील. रिक्षावाल्याला नुसतं 'फुले' म्हणालात तर तो महात्मा फुले मंडईत नेऊन सोडेल. 'गंज पेठ, फुले वाडा' किंवा 'समता भूमी' असंच सांगा.

वाचनवेडी
बघण्याबद्दल. बहुतेक जण पुतळ्यापाशी फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर पडतात. दीड तास ठेवा आणि आधी विहिरीपाशी थांबा. १८६८ साली जोतीरावांनी घरचं पाणी अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, तेही भर पेठेत. मग तुळशी वृंदावन. मिठात पुरावं अशी जोतीरावांची इच्छा होती. नगरपालिकेने वस्तीत परवानगी दिली नाही, म्हणून दहन करून अस्थी इथे ठेवल्या. १८९० च्या त्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं. त्या काळी बाईने टिटवं धरणं म्हणजे काय, हे तिथेच उभं राहून सगळ्यांना सांगा.

बालहत्या प्रतिबंधक गृहाचाही विषय काढाच. १८६३ साली दोघांनी ते सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल मारू नये, यासाठी. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत तिथलाच. १८७४ मध्ये दोघांनी त्याला दत्तक घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यात रुग्ण आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

गंजपेठकर
भर घालतो. ३ जानेवारी, ११ एप्रिल, २८ नोव्हेंबर या तारखा टाळा. अभिवादनाला रीघ लागते, शांतपणे काही बघता येत नाही. अभिवादनालाच यायचं असेल तर मात्र जरूर या, पण मग वृंदावनापाशी थांबून बोलायची अपेक्षा नको.

परळकरीण
आणि भिडे वाडा?

वाचनवेडी
बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर. १८४८ ची मुलींची शाळा तिथली. जुनी इमारत मात्र डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडली, तेव्हा जुना वाडा बघायला मिळेल असं कुणाला सांगू नका. आधी फुले वाडा करा, मग तिथे. उलट केलंत तर दगडूशेठच्या गर्दीतच सकाळ जाते.