हस्तलिखितासाठी संपादक कसा निवडलात? (अनुभव धागा)

शाईदौत

नमस्कार मंडळी. माझ्या पहिल्या कादंबरीचा खर्डा हातावेगळा झालाय. साधारण 60,000 शब्द आहेत. डेमी आकारात पानाला पावणेतीनशे शब्द धरले तर 220च्या आसपास पानं, म्हणजे 16 पानी चौदा फॉर्म (फॉर्म म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा). प्रकाशकांकडे पाठवण्याआधी तो जाणत्या माणसाच्या नजरेखालून जावा असं वाटतंय.

चौकशी करायला लागले तर वेगळाच गोंधळ. 'संपादन करून देतो' म्हणणारे बरेचसे लोक ऱ्हस्वदीर्घ तपासून देतात. त्याला आपण मुद्रितशोधन म्हणतो ना? 'मौज' प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याबद्दल ऐकत आपण मोठे झालो. लेखकाला पत्र लिहून प्रश्न विचारायचे, पुन्हा लिहायला लावायचे. असं आता कुणी करतं का? तुम्ही माणूस कसा शोधलात, पैसे कसे ठरले, कुठे बिनसलं, सगळं लिहा. ज्यांच्याशी बिनसलं त्यांची नावं मात्र नकोत, धागा भरकटतो.

खिळेजुळारी

आधी छापखान्यात, मग प्रुफं, आता संपादन, असा माझा प्रवास. म्हणून जरा सविस्तर.

भागवत-पटवर्धनांची आठवण सगळेच काढतात, पण त्यांच्यामागे मासिक होतं, प्रकाशनसंस्था होती, आणि एका कथेवर महिनोन्‌महिने घालवायची मुभा होती. ते मासिक, 'सत्यकथा', 1982 साली बंद झालं. आज बहुतेक ठिकाणी लेखकाने मजकूर 'तयार' करूनच आणावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे स्वतः पैसे देऊन संपादक गाठण्यात कमीपणा नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे 1962चे शुद्धलेखनाचे चौदा नियम आणि 1972ची चारची भर हे मुद्रितशोधकाचं पाठांतर. ते हवंच, अरुण फडक्यांचा लेखनकोश माझ्याही टेबलावर असतो. पण ते काम शेवटचं. संपादक आधी विचारतो, 'ही आत्या चौथ्या प्रकरणात वारली, मग नवव्यात चहा कोण देतंय?' पाडायच्या भिंतीला रंग देऊन उपयोग काय? अर्धं प्रकरण उडणार असेल तर त्यातल्या वेलांट्या तपासायचे पैसे फुकट जातात.

नमुना अवश्य मागा. दहा-पंधरा पानं द्या आणि त्याचे पैसेही द्या, फुकट नमुना मागू नका. मात्र पहिलं प्रकरण देऊ नका. ते तुम्ही इतकं घासलेलं असतं की त्यात कुणालाच काही सापडत नाही. मधलं द्या, लिहिताना तुमचं तुम्हालाच जड गेलेलं. पानं परत आली की लाल खुणा मोजत बसू नका. कशाला हात लावला नाही ते बघा. आणि समासात किती ठिकाणी आज्ञा आहे, किती ठिकाणी प्रश्न, तेही.

वऱ्हाडी_ठेचा

खिळेजुळारींचं 'कशाला हात लावला नाही' हे माझ्याकडून अधोरेखित.

माझा कथासंग्रह अकोला-वाशीम पट्ट्यातला. निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं वऱ्हाडीत. ज्यांच्याकडे पहिल्यांदा दिला ते नावाजलेले, मोठमोठी पुस्तकं हाताखालून गेलेली. पानं परत आली. माझं वाक्य होतं, 'काहून बे, मले सांगतलं काहून नाही?' ते झालं होतं, 'का रे, मला का सांगितले नाहीस?' बरं, हे बोलतंय कोण, तर रात्री दोन वाजता ओलिताला आलेला माणूस, बांधावर उभं राहून. त्याच्या तोंडी 'नाहीस'! 'जाऊन राह्यलो'चं सगळीकडे 'जात आहे'. फोन केला तर म्हणाले, पुण्यामुंबईच्या वाचकाला कळायला हवं. मी म्हटलं, कळते त्याले.

पैसे चुकते केले आणि बाजूला झालो.

नंतर एक बाई भेटल्या, मूळच्या कोकणातल्या. वऱ्हाडीचा गंध नाही, आणि ते त्यांनी पहिल्याच बोलण्यात सांगून टाकलं. काम सुरू करायच्या आधी त्यांनी माझ्याकडून एक यादी करून घेतली: मले, तुले, काहून, कायले, राह्यलो, कोणतं रूप मी कसं लिहिणार. त्यांच्या भाषेत शैलीपत्रक. मग प्रश्न आला: 'तुमचा नायक तहसीलदारासमोर मला म्हणतो, घरी मले म्हणतो, हे मुद्दाम आहे असं समजते. मग पान 71वर बायकोला मला का म्हणतो? रागावलाय म्हणून?' मी ते पान काढलं. तो खरंच रागावला होता, आणि मी ते वाक्य तसंच ठेवलं. माझ्या लिखाणात हे चाललंय, हे माझ्याआधी त्यांना दिसलं.

तेव्हा 'आपल्या भागातलाच संपादक पाहिजे' हा हट्ट मी सोडला. कान असला म्हणजे झालं.

निवांत_गोगलगाय

आमच्या ह्यांनी केलं. फुकट. आता पुढच्या पुस्तकाचे पैसे बाहेर देणार आहे, संसार टिकवायचाय.

चष्मा_शोधतेय

माझी कादंबरी सत्तरच्या दशकातली, मुंबई-पुण्यात घडणारी. संपादकांनी कथानकाला फारसा धक्का लावला नाही, पण काळ असा काही धरून बसले की बस. 1973 सालच्या प्रसंगात माझा कारकून 'मंत्रालयात' जात होता. समासात टीप: 'तेव्हा सचिवालय. मंत्रालय हे नाव 1975पासून.' 1971च्या पुण्यातल्या दिवाणखान्यात टीव्ही लागला होता, त्यावर: 'मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. यांच्याकडे आधी कसं दिसलं?' टीव्ही काढून रेडिओ ठेवला. प्रसंग उलट चांगला झाला, कारण आता सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी वाचवली. भागांच्या सुरुवातीला मी कवितांच्या ओळी घातल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आपल्याकडे स्वामित्वहक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. केशवसुत, बालकवी खुशाल घ्या. कुसुमाग्रज गेले 1999 साली, म्हणजे 2059 संपेपर्यंत परवानगीशिवाय अख्खी कविता छापायचं मनात आणू नका. एखाददुसऱ्या ओळीबद्दलही प्रकाशकाला आधी विचारा. मी सरळ बालकवींकडे वळले.

ऐतिहासिक नसलेल्या कादंबरीलाही असा माणूस लागतो. निवडताना विचारा, 'माझ्या पुस्तकातला काळ तुम्हाला माहीत आहे का?' उत्तर 'बघून घेऊ' आलं तर थांबा. 'माहीत नाही, पण वर्तमानपत्रं काढून तपासतो' आलं तर पुढे जा.

मोडी_की_सोडी

चष्माताई, ऐतिहासिक लिहिणाऱ्यांचं दुखणं आणखी पुढचं. माझ्या पुस्तकात पानिपत होतं. पौष शुद्ध अष्टमी, शके 1682, म्हणजे 14 जानेवारी 1761. संपादकांनी शकात 78 मिळवले, 1760 आले, आणि माझं 1761 खोडलं! पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलतं, 1 जानेवारीनंतरच्या तिथीला 79 मिळवावे लागतात, हे त्यांच्या गावी नव्हतं. बरं, विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता, खूण न ठेवता बदललं. पानिपत होतं म्हणून माझ्या डोळ्यांना खटकलं, एखाद्या किरकोळ पत्राची तारीख असती तर तशीच छापली गेली असती. तेव्हापासून माझी एकच अट, बदलांची नोंद चालू ठेवून काम करा.

नाडीपरीक्षा

मी उलट सांगते. मधुमेहावर सामान्यांसाठी पुस्तक लिहिलं तेव्हा मी मुद्दाम वैद्यकातला संपादक टाळला. डॉक्टर वाचक असता तर 'उपाशीपोटी' म्हणजे किती तास, हे त्याने विचारलंच नसतं. माझ्या संपादकांनी विचारलं, आणि पुढे 'रात्री औषधाबरोबर दूध घेतलं तर चालतं का?' असंही विचारलं. ते प्रश्न जसेच्या तसे पुस्तकात गेले. तथ्यं दुसऱ्या डॉक्टर मैत्रिणीने स्वतंत्रपणे तपासली. दोन कामं, दोन माणसं.

जर्सीकर

परदेशातून काम करून घेणाऱ्यांसाठी. माझा मजकूर युनिकोडमध्ये, संपादकांकडे श्री-लिपीचा जुना, युनिकोड नसलेला टंक. रूपांतरात 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, अवतरणचिन्हं उडाली, आणि ती निस्तरण्यात मूळ कामापेक्षा जास्त वेळ गेला. शेवटपर्यंत युनिकोड आणि एकच फाइल, हे आधी ठरवा.

दुसरा किस्सा. एका संकेतस्थळावरून 'संपूर्ण साहित्यिक संपादन' विकत घेतलं. आठवड्याच्या आत अख्खं पुस्तक परत! वेग बघूनच शंका आली. माझी आजी, तिचा गडी आणि न्यूअर्कचा टॅक्सीवाला एकाच सुरात बोलायला लागले होते, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी आयुष्याबद्दल काहीतरी उदात्त वाक्य. समासात प्रश्न एकही नाही. माणसाने वाचलेलंच नव्हतं, हे उघड आहे. आता मी नमुन्याची पानं आल्यावर त्यावर अर्धा तास बोलायला मागतो. ज्याने वाचलंय तो बोलतो.

शाईदौत

फार उपयोगी चाललंय. पैशांचं कुणीच बोलत नाहीये!

खिळेजुळारी

बोलतो. शब्दांवर, फॉर्मवर किंवा ठोक, तिन्ही पद्धती चालतात. मला शब्दांवर बरं वाटतं, कारण टंकाचा आकार बदलला की पानं बदलतात आणि वाद होतात. किती फेऱ्या ते ठरवा. निदान दोन: पहिलीत प्रश्न, मग तुमचं पुनर्लेखन, दुसरीत उरलेलं. रक्कम हप्त्यांत. शेवटचा शब्द लेखकाचा, हे एका ओळीत ईमेलवर लिहून घ्या. पहिलंच पुस्तक असेल तर साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पाहून ठेवा, छपाईचा भार हलका झाला तर संपादनाला चार पैसे उरतात.

आणि 'प्रकाशन मिळवून देतो' हे संपादनाच्या पॅकेजमध्ये घालणाऱ्यापासून लांब राहा. तो वेगळा धंदा आहे.

वऱ्हाडी_ठेचा

एक विचारायचं राहिलं. संपादकाचं नाव पुस्तकात टाकता का? माझ्या बाईंनी 'नको' म्हटलं, मी तरी टाकलं.

खिळेजुळारी

टाका की. फक्त ते पान आधी दाखवा. एका पुस्तकात आभाराच्या पानावर माझंच आडनाव चुकीचं छापलंय. तेवढं एक पान माझ्याकडे तपासायला आलं नव्हतं.